घड्याळाकडे अकरा वेळा

ताई, नमस्कार.

वय ४३, दिवसभर खुर्चीत बसून काम. गेल्या चार वर्षांत मी पळायला सहा वेळा सुरुवात केली आणि सहाही वेळा सोडलं. दरवेळी बूट नवे, उत्साह नवा, आणि तीन-चार आठवड्यांत दोन्ही कपाटात. तब्येतीची तक्रार नाही. डॉक्टरांनी तपासून 'खुशाल पळा' म्हटलंय. अडचण अशी की मला पळायचा मरणाचा कंटाळा येतो. मागच्या रविवारी मुद्दाम मोजलं. वीस मिनिटं पळायचं ठरवलं होतं. तेवढ्यात अकरा वेळा घड्याळ बघितलं आणि तेराव्या मिनिटाला थांबून चालत घरी आलो. गाणी लावून पाहिली, तीही आता पाठ झालीत.

ऑफिसातल्या एकाने सांगितलं की फोनवर एक खेळ आहे. कानात गोष्ट चालू असते, मागे झॉम्बी लागतात आणि आपण पळत सुटायचं. तो त्यावर सहा महिने पळतोय. घरी हे बोललो तर बायको म्हणाली, "गोष्ट कशाला हवी? खरा वाघ सोडा मागे." तेरा वर्षांची मुलगी हसून हसून लोळली आणि मग हळूच म्हणाली, "बाबा, मला पण दाखवा ना."

प्रश्न तीन आहेत. या वयात असल्या खेळाच्या नादी लागणं पोरकटपणा आहे का? याने खरंच काही होतं, की हाही चार आठवड्यांचाच उत्साह? आणि तिसरा, हे सगळं इंग्रजीत असतं. ऑफिसात इंग्रजी चालतं, पण धाप लागलेली असताना कानात इंग्रजी पडलं की अर्धं डोक्यावरून जातं. त्याचं काय करू?

— तेराव्या मिनिटाला थांबणारा

---

नमस्कार.

आधी वहिनींना सांगा, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. वाघच सोडायचा आहे. फक्त खरा वाघ रोज सकाळी वेळेवर येईल याची खात्री नाही आणि एकदा त्याने गाठलं की पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक कायमचं मोकळं होतं. म्हणून लोकांनी कानातला वाघ शोधून काढला.

पोरकटपणाचं लगेच उरकते. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर नावाच्या प्रशिक्षकाने धावपटूंसाठी एक सराव बसवला, त्याचं नाव फार्टलेक. स्वीडिशमध्ये त्याचा अर्थच 'वेगाचा खेळ'. त्या झाडापर्यंत जोरात, मग वळणापर्यंत रमतगमत, पुन्हा मनात येईल तेव्हा जोरात. ठरलेलं अंतर नाही, शिट्टी नाही. आज जगातले भलेभले धावपटू हा सराव करतात आणि त्यांना कोणी पोरकट म्हणत नाही. आता दुसरी बाजू बघा. ज्या ट्रेडमिलवर आपण गंभीर चेहऱ्याने पळतो, तिचा पूर्वज १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातल्या कैद्यांसाठी बनवला. भल्यामोठ्या चाकाच्या पायऱ्या चढत राहायचं आणि पोचायचं कुठेच नाही. तुम्हाला बिनगोष्टीचं पळणं शिक्षेसारखं वाटत असेल, तर त्याला इतिहासात आधार आहे.

खेळाकडे वळण्याआधी मात्र तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबते. 'तेराव्या मिनिटाला थांबलो.' चार वर्षांत सहा वेळा सुरुवात, आणि दरवेळी सुटतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. मला शंका आहे की तुम्हाला येतो त्या कंटाळ्यात बराचसा थकवा मिसळलेला आहे. हे दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. दोघेही 'आता पुरे' एवढंच म्हणतात. शिवाय दमलो म्हणायला जीभ अडखळते, कंटाळलो म्हणायला नाही.

पळायला लागल्याबरोबर स्नायूंची प्राणवायूची मागणी वाढते, पण हृदय आणि फुप्फुसं त्या मागणीला पुरी पडेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. तेवढा वेळ सगळ्यांनाच जड जातो, मुरलेल्यांनाही. बेताच्या वेगाने निघालात तर पुढे श्वासाची घडी बसते. पण आपण बहुतेक जण पहिल्या दोन मिनिटांत, पाय ताजे असताना, शाळेच्या मैदानावरच्या वेगाने सुटतो. मग घडी बसतच नाही. श्वास मागे राहतो, डोकं सुटकेचा रस्ता शोधतं, आणि सुटकेचा सगळ्यात जवळचा रस्ता असतो मनगटावर. अकरा वेळा घड्याळ बघणारा माणूस मला आळशी वाटत नाही, धापा टाकणारा वाटतो.

तेव्हा पहिले चार आठवडे वेग निम्म्यावर आणा. निम्म्यावर म्हणजे खरंच निम्म्यावर, शेजारून जोरात चालणारा माणूस पुढे निघून गेला तरी चालेल. मधेमधे चाला. १९९६ मध्ये जॉश क्लार्क नावाच्या तरुणाने आपल्या आईला पळायला लावण्यासाठी नऊ आठवड्यांचं वेळापत्रक बनवलं, 'काउच टू फाइव्ह-के' (म्हणजे सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत) या नावाने ते पुढे जगभर पसरलं. त्याच्या पहिल्या आठवड्यात सलग पळायचं असतं ते ६० सेकंद. मग ९० सेकंद चालायचं, पुन्हा ६० पळायचं. आणि तुम्ही पहिल्याच दिवशी वीस मिनिटं ठरवून बाहेर पडता.

इथे गोष्टीचा एक फायदा मी तुम्हाला सांगते, जो तुमच्या मित्राने बहुधा सांगितला नसेल. गोष्ट हे वेग मोजायचं उत्तम साधन आहे. माणूस जितका जोर लावतो, तितकं त्याचं लक्ष आत ओढलं जातं: श्वास, छाती, मांड्या. बाहेरचं ऐकू येतं, पण पोचत नाही. ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागेऑर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत यांवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यातून दिसतं ते असं, की हलक्या आणि मध्यम वेगात संगीतामुळे श्रम कमी वाटतात, पण अगदी जीव तोडून पळताना हा परिणाम बराचसा आटतो. तुम्ही म्हणता की इंग्रजी अर्धं डोक्यावरून जातं. इंग्रजीचा दोष असेलही, पण आधी वेग कमी करून बघा. गोष्टीतलं वाक्य ऐकून 'अरे, म्हणजे चावी त्याच्याकडे होती तर' असं मनात येत असेल, तर वेग बरोबर. पात्रांची नावं हरवायला लागली की तुम्ही जोरात आहात, हळू व्हा. घड्याळापेक्षा हे माप मला जास्त आवडतं.

आता तुमच्या मित्राचा खेळ. तो बहुधा 'झॉम्बीज, रन!' असणार. २०११ मध्ये लोकवर्गणीतून त्यासाठी पैसे उभे राहिले आणि २०१२ मध्ये तो आला. लंडनच्या 'सिक्स टू स्टार्ट' कंपनीने तो बनवला आणि त्यातली गोष्ट रचायला नेओमी आल्डरमन ही कादंबरीकार होती. म्हणून तो टिकला, असं माझं मत. पळायची बाकी बहुतेक ॲप अभियंत्यांनी बनवलेली असतात आणि ती तशीच बोलतात: अंतर इतकं, वेग इतका, शाब्बास. इथे तुम्ही 'रनर फाइव्ह' असता. जगात झॉम्बी माजलेत, एबल नावाची एक छोटी वस्ती तग धरून आहे आणि तिच्यासाठी बाहेर पळत जाऊन सामान आणणारे जे थोडे लोक आहेत, त्यातले तुम्ही एक. कानात वायरलेसवरून कोणीतरी बोलत राहतं. रनर फाइव्ह स्वतः कधीच बोलत नाही, तो पुरुष की बाई हेही सांगितलेलं नाही. ही युक्ती मला फार आवडते. धापा टाकणाऱ्या माणसाला कोणी संवाद म्हणायला लावू नये.

गोष्ट सलग चालत नाही. एक प्रसंग, मग तुमचं एक गाणं, मग पुढचा प्रसंग. गाणं चालू असताना मधेच आवाज येतो, औषधं मिळाली, बॅटरी मिळाली. घरी आल्यावर त्या सामानातून वस्ती वाढवायची. आणि अधूनमधून पाठलाग. गुरगुर जवळ येते आणि तुम्ही साधारण मिनिटभर नेहमीपेक्षा वीसेक टक्के जोरात पळायचं असतं. नाही जमलं तर जमवलेल्या सामानातलं काही हातचं जातं.

या पाठलागाबद्दल माझं ऐका, आधी तो बंद ठेवा. तशी सोय आहे. मी ठेवला नव्हता. पहिल्याच आठवड्यात, रस्ता रिकामा, अंधुक उजाडलेलं, कानाशी कोणीतरी घोगऱ्या श्वासाने येतंय, आणि मी, दोन मुलांची आई, अशी काही सुटले की समोरून येणारे एक आजोबा काठी आडवी धरून बाजूला झाले. चाळीसेक सेकंदांनी उजव्या पोटरीत कोणीतरी दोरी खेचावी तशी कळ आली. झॉम्बी चुकले, मी पुढचे अठरा दिवस जिना एकेक पायरी उतरत होते. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण पोटरी, नडगी आणि टाचेची शीर यांना महिने लागतात. आणि गोष्ट रंगात आलेली असताना त्यांचं कोण ऐकतं? दोन महिने सलग, दुखण्याविना पळालात की मग मागे कोणाला लावायचं ते लावा.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: हे टिकतं का?

खरं सांगायचं तर आपोआप टिकत नाही. 'पोकेमॉन गो' आठवतो? जुलै २०१६ मध्ये आला आणि जगभरची माणसं फोन पुढे धरून रस्त्यांवर फिरू लागली. खेळातली अंडी उबवायची तर दोन, पाच किंवा दहा किलोमीटर चालावं लागायचं. त्याच वर्षाच्या शेवटी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अमेरिकेतल्या १८ ते ३५ वयाच्या खेळाडूंचा अभ्यास छापून आला. खेळ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात ते रोज सरासरी ९५५ पावलं जास्त चालले. मग आकडा उतरत गेला आणि सहाव्या आठवड्यात गाडी मूळ जागी. तुमचे तीन-चार आठवडे आणि त्यांचे सहा. तुम्ही काही जगावेगळे नाही.

पण त्या खेळात गोष्ट अशी नव्हतीच, होती ती गोळाबेरीज. आणि गोळा करण्याची हौस फिटते. 'पुढे काय झालं' ही हौस तशी फिटत नाही, जोवर लिहिणारा हुशार आहे आणि एक अट पाळली जाते. ती अट सांगते.

कॅथरीन मिल्कमन या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्राध्यापिका. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायामशाळेत जाणाऱ्या लोकांना, एकदा हातात घेतल्यावर ठेववत नाहीत अशी पुस्तकं ऐकण्यासाठी दिली. एका गटाची पुस्तकं व्यायामशाळेतच कुलुपात, पुढचं प्रकरण ऐकायचं तर तिथे जायलाच हवं. दुसऱ्या गटाला नुसतं सुचवलं की व्यायाम करतानाच ऐका, पण पुस्तक त्यांच्याजवळच. तिसऱ्याला यातलं काही नाही. तिसऱ्याच्या तुलनेत सुरुवातीला कुलुपवाला गट ५१ टक्के जास्त वेळा व्यायामाला आला आणि नुसतं सुचवलेला गट २९ टक्के. म्हणजे गोष्ट काम करते, पण कुलूप लावलेली गोष्ट जास्त काम करते. अजून एक गंमत: मोठी सुट्टी आली, व्यायामशाळा सुटली, आणि त्यानंतर परिणाम बराच ओसरला. उत्सुकतेलाही खंड सोसत नाही.

म्हणून अट एकच. ती गोष्ट फक्त पळताना ऐकायची. चालताना नाही, गाडीत नाही, झोप येत नाही म्हणून तर मुळीच नाही.

ही अट मी मोडलेली आहे, म्हणून इतक्या जोरात सांगते. एक रहस्यकथा ऐकत पळत होते, नववा भाग घराच्या दारात संपला, तोही नको तिथे. बूट काढायला म्हणून जिन्यात बसले. 'दोनच मिनिटं' म्हणून दहावा भाग लावला. मग अकरावा. पाऊण तास मी त्या पायरीवर बसले होते, एक बूट पायात, एक हातात, घाम वाळून अंगाला खाज सुटलेली. खुनी कोण ते कळलं. दुसऱ्या दिवशी पळायला गेले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. कशाला जायचं होतं? पुढे नऊ दिवस खंड पडला. तेव्हापासून पळायच्या गोष्टी एका जुन्या फोनमध्ये आहेत आणि तो फोन बुटांच्या कप्प्यात राहतो. हसू नका, चालतंय.

एक पळवाट मात्र ठेवा. गोष्ट रटाळ निघाली तर दोन पळण्यांत सोडून द्या, दुसरी घ्या. अर्धवट टाकायचं नाही हा नियम पुस्तकांना लावणारे लोक असतात. पळण्याला लावाल तर कंटाळ्यावर कंटाळा चढेल.

गुण, बिल्ले, 'सलग इतके दिवस' वगैरे गोष्टींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खेळ घेतलात की ते मागोमाग येणार. माझं मत फारसं अनुकूल नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या अशा मुलांवर प्रयोग केला, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर छान रिबिन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात त्याच मुलांनी पेनं कमी हातात घेतली. बक्षिसासाठी चित्र काढलं की चित्र हे काम होतं. तुमच्याबाबतीत एक सवलत आहे: तुम्हाला पळायला मुळात आवडतच नाही, त्यामुळे गमावण्यासारखं फारसं नाही. सुरुवातीला बिल्ले खुशाल घ्या. पण ज्या दिवशी ताप असताना 'सलग ४२ दिवस तुटतील' म्हणून तुम्ही बूट घालाल, त्या दिवशी ते ॲप काढून टाका. रॉन हिल नावाचे ब्रिटिश धावपटू डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत रोज किमान एक मैल पळाले, एकही दिवस न चुकता, ५२ वर्षं. शेवटी पळता पळता छातीत दुखलं तेव्हा थांबले. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण ते मॅरेथॉनचे विजेते होते आणि आपण खुर्चीतली माणसं. आठवड्यातून तीन दिवस पुरे. बाकीचे दिवस गोष्टीला मुरू द्या.

दुसऱ्यांशी स्पर्धा लावणारी ॲप सध्या नकोतच. अनोळखी माणसाने तुमच्याच रस्त्यावर तुमच्या दुप्पट वेगाने पळून ठेवलेलं असतं आणि ते कळून कोणाचं भलं होत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, हसून लोळणाऱ्या मुलीत.

मराठीत ऐकायला कथा-कादंबऱ्या आता भरपूर मिळतात आणि त्यातल्या रहस्यकथा पळायला उत्तम. निवेदक सावकाश वाचणारा निवडा. वर्णनाची पानंच्या पानं असलेलं साहित्य घरी वाचा. पळताना हवीत माणसं, दारं आणि पावलांचे आवाज. पण या कथा तुमच्याशी बोलत नाहीत, त्या कोणा तिसऱ्याबद्दल असतात. झॉम्बीवाल्या खेळाची खरी जादू 'तू'मध्ये आहे. तू पळतोयस, तुझ्या मागे कोणीतरी आहे, तुझी वाट बघतायत. ती घरी करता येते. तेरा वर्षांच्या मुलीला फोनवर आवाज रेकॉर्ड करायला शिकवायची गरज नाही, तीच तुम्हाला शिकवेल.

तिला सांगा, पाच तुकडे कर, प्रत्येक पाऊण मिनिटाचा. तुम्ही चार गाणी निवडा, चार-चार मिनिटांची. फोनवर यादी लावा: तुकडा, गाणं, तुकडा, गाणं, शेवटी तुकडा. झाली तुमची वीस मिनिटं, आणि त्यात घड्याळ बघण्यासारखं काही उरलं नाही, कारण वेळ आता गाण्यांत मोजला जातोय.

पहिला तुकडा तुम्ही चालत असताना वाजणार, तेव्हा त्यात घाई नको. समजा असा: "तू निरोप्या आहेस. खांद्यावर थैली आहे, थैलीत एक बंद पत्र. ते उघडायचं नाही. उजाडायच्या आत नदीपलीकडे पोचायचंय. घाई करू नकोस, अजून कोणाला कळलेलं नाही." मग गाणं, आणि तुम्ही हळू पळायला लागता. दुसऱ्या तुकड्यात मागे कुठेतरी कंदील हलताना दिसतो. तिसरा परत फिरायच्या जागेवर: पूल तुटलाय, माघारी वळ. म्हणजे गोष्टच तुम्हाला घराकडे वळवेल. आणि महत्त्वाचं, तिसऱ्यानंतर तुम्ही घरापासून सगळ्यात लांब असाल, थांबलात तरी तेवढं अंतर चालत यायचंच आहे. मग पळतच का येऊ नये? चौथ्यात कोणीतरी भेटतं. पाचवा पुन्हा चालताना, श्वास खाली येत असताना, आणि तो प्रश्नावर सोडायचा, उत्तरावर नाही. उत्तर पुढच्या वेळी.

तिला दोन-तीन गोष्टी बजावा. वाक्यं छोटी. दोन वाक्यांच्या मधे एक श्वास थांबायचं, कारण ऐकणारा तेव्हा श्वासच घेत असतो. बाबांना काही विचारायचं नाही. 'जोरात पळ' असं पहिले दोन महिने म्हणायचं नाही, फार तर 'जरा झपझप' म्हण. आणि आधी काही सांगायचं नाही, जेवतानासुद्धा नाही. ही शेवटची अट तिला सगळ्यात अवघड जाईल आणि सगळ्यात आवडेल.

यात एक लबाडी आहे, ती कबूल करते. बाजारातल्या कुठल्याही ॲपला तुम्ही दांडी मारू शकता, त्याला वाईट वाटत नाही. मुलीने रात्री दार लावून, पांघरुणात शिरून रेकॉर्ड केलेला भाग सकाळी न ऐकता ऑफिसला जाणं बरंच अवघड आहे. संध्याकाळी ती विचारणार, 'कंदीलवाला कळला का?' आणि तुम्हाला खोटं बोलता येणार नाही. पण तिच्यावर याचं ओझं होऊ देऊ नका. आठवड्याला एकच नवा भाग पुरे, बाकी दोन दिवस वर सांगितलेली रहस्यकथा. परीक्षा असेल तर लेखिका रजेवर. आणि ती कंटाळली तर सोडू द्या, तोवर तुम्ही तेरावं मिनिट ओलांडलेलं असेल.

गोष्टीत गुंगला की माणूस रस्ता विसरतो, म्हणून एक कान मोकळा ठेवा किंवा कानाबाहेर बसणारे हेडफोन वापरा. रहदारीच्या रस्त्यावर तर नाहीच, बाग किंवा मैदान बघा. आणि चक्कर आली, छातीत दाटून आलं, तर गोष्ट कितीही रंगलेली असो, तिथल्या तिथे थांबा आणि मदत मागा.

वहिनींनाही कामाला लावा. दुसऱ्या तुकड्यात मागून जो आवाज यायला हवा, तो त्यांच्याकडून रेकॉर्ड करून घ्या. वाघाची कल्पना त्यांचीच होती.

आणि मुलीला माझा निरोप द्या: पहिले चार भाग थैलीतलं पत्र उघडू देऊ नकोस. पाचव्यात काय निघालं ते मला लिहून कळवा.